नेत्याचा शब्द आणि आबोहवा

५ सप्टेंबर २०१४ रोजी, शिक्षकदिनी, पंतप्रधान नरेंद्र मोदी दूरचित्रवाणीवरून देशभरातल्या विद्यार्थ्यांशी बोलले. आसाममधल्या एका विद्यार्थ्याने हवामानबदलाविषयी विचारले. उत्तराचा आशय असा होता : म्हातारपणी थंडी जास्त वाटते, ती काही वाढलेली नसते, हवामान बदललेले नाही, आपण बदललो, आपल्या सवयी बिघडल्या. निसर्गावर प्रेम करा, असेही ते म्हणाले. पुढच्या भूगोलाच्या तासाला माझ्या मुलांनी सोयीचा तेवढाच भाग लक्षात ठेवला होता. "सर, हवामान बदललंच नाही म्हणे. मग हा धडा कशाला?"

आमच्या उर्दू पुस्तकात हवामानाला 'आबोहवा' म्हणतात. पाणी आणि हवा. त्यांना पक्ष नसतो. त्यांच्याविषयीच्या मतांना मात्र असतो. अमेरिकेत २००८ च्या निवडणुकीत ओबामा आणि मॅक्केन हे दोन्ही उमेदवार तापमानवाढ मान्य करून कार्बन उत्सर्जनावर मर्यादा घालण्याची भाषा करीत होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये मॅक्केन यांच्याच पक्षाचे जेम्स इनहॉफ बर्फाचा गोळा घेऊन सिनेटमध्ये आले. बाहेर एवढी थंडी, मग तापमानवाढ कसली, असा त्यांचा सवाल होता. ते पर्यावरण समितीचे अध्यक्ष होते! या सात वर्षांत शास्त्रज्ञांचे पुरावे वाढले. दोन पक्षांच्या मतदारांमधली दरीही वाढली.

मग दोष कोणाचा? बोलणाऱ्याचा की ऐकणाऱ्याचा? बर्फाचा गोळा पाहून कोणी विज्ञान शिकत नाही. पण मनाला जे टोचत असते ते शांत होते. आपल्याला सवय सोडायची नसते आणि नेता तशी मुभा देतो. ऐकणारा निर्दोष नाही, हे कबूल. तरी ज्याच्या जिभेवर कोट्यवधी माणसे विश्वास टाकतात, त्याचा शब्द ही अमानत असते. तिचा हिशेब त्यालाच द्यावा लागतो.

२०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत मोदींनीच भारताचे निव्वळ कार्बन उत्सर्जन २०७० पर्यंत शून्यावर आणण्याची घोषणा केली. तोवर माझी ती मुले शाळा सोडून गेली होती.

आणि मी? त्या तासाला मी काय केले? नोकरी नवी होती. मी म्हणालो, "परीक्षेत पुस्तकात आहे तेच लिहा," आणि धडा पुढे नेला. वर्गापुरता मीही नेताच होतो. चाळीस मुले माझ्या तोंडाकडे पाहत होती. दुसऱ्याच्या शब्दाचा हिशेब मागताना मला माझे ते मौन आठवते.