कष्ट वाचले, पण कोणाचे?



नवे यंत्र आले की माणसाचे कष्ट कमी होतात, असे आपण सहज म्हणतो. पण कोणाचे कष्ट, हे क्वचितच विचारतो. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेकडे पाहिले तर हा प्रश्न आपल्याला टाळता येत नाही.

१७९४ साली एली व्हिटनी यांना कापसातील सरकी काढणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. हाताने करायला फार वेळ लागणारे काम झटपट होऊ लागले. मग राबणाऱ्यांना विसावा मिळाला का? उलटेच घडले. कापूस फायद्याचा ठरला, दक्षिणेत मळे वाढले आणि मळ्यांसाठी अधिक गुलाम लागले. १७९० साली गुलामांची संख्या सुमारे ७ लाख होती; १८६० साली ती सुमारे ४० लाख झाली.

हाच कापूस उत्तरेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील गिरण्यांत जाई. त्याच राज्यात १८३७ पासून होरेस मॅन यांनी शाळासुधारणेचे काम केले. सरकारी खर्चाने चालणाऱ्या, गरीब-श्रीमंतांची मुले एकत्र शिकतील अशा शाळा हव्यात, शिक्षकांनाही प्रशिक्षण हवे, हा त्यांचा आग्रह होता. १८५२ साली तेथे सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. अमेरिकेतील असा तो पहिलाच कायदा.

पण कापूस वेचणाऱ्याच्या मुलाचे काय? व्हर्जिनिया राज्याने १८३१ साली कृष्णवर्णीयांना लिहा-वाचायला शिकवणाऱ्या वर्गांवर कायद्याने बंदी घातली. बाल्टिमोरमध्ये फ्रेडरिक डग्लस या गुलाम मुलाला मालकीण अक्षरे शिकवू लागली, तेव्हा मालकाने तिला थांबवले. मुलगा लपूनछपून शिकला, १८३८ साली निसटला आणि पुढे गुलामगिरीविरुद्ध देशभर बोलला.

मालकांना यंत्राची भीती वाटली नाही, अक्षरांची वाटली. यात सारे आले. यंत्र बळ वाढवते, पण ते बळ कोणासाठी वापरायचे हे ठरवत नाही. शिक्षण माणसाला 'मी कोणाचे साधन नाही' हे सांगण्याची ताकद देते. म्हणूनच ते काहींनाच मिळाले तर अन्याय टिकून राहतो. मॅसॅच्युसेट्सच्या शाळा खरोखर चांगल्या हेतूने उभ्या राहिल्या, पण त्या राज्याच्या समृद्धीत अक्षरबंदी सोसणाऱ्यांचा घाम होता.

सोयीची नवी वस्तू घरी आणताना आपणही एवढे विचारू या: आपले वाचलेले कष्ट कोणाच्या पाठीवर गेले? आणि त्याची मुले शाळेत जातात का?