कायदा पडतो म्हणजे काय

सर्वोच्च न्यायालयाची बातमी इंग्रजीतून आली की तिच्यात बहुधा एक जोडक्रियापद असतं: ‘स्ट्राइक डाउन’. न्यायालयाने अमुक कायदा ‘स्ट्राइक डाउन’ केला. ती मराठीत करणाऱ्याकडे वेळ कमी असतो आणि मथळ्याला जागा त्याहून कमी. मग ‘रद्द’ हा दोन अक्षरांचा शब्द धावून येतो. वर्षानुवर्षं मीही तेच केलं. त्या दोन अक्षरांत वाचकाच्या हिताची बरीच माहिती गाडली जाते, असं आता मला पक्कं वाटतं.

आधी इंग्रजी शब्दाकडे पाहू. ‘स्ट्राइक’ म्हणजे प्रहार आणि ‘डाउन’ म्हणजे त्या प्रहाराने कोसळणं. साथीच्या रोगाने धडधाकट माणूस आडवा होतो तेव्हाही इंग्रजीत हेच क्रियापद येतं. त्यामुळे चित्र उभं राहतं ते असं, की न्यायमूर्तींनी घाव घातला आणि कायदा जागच्या जागी गतप्राण झाला. राज्यघटनेच्या १३व्या अनुच्छेदात मात्र असा घाव कुठेच नाही. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा त्या विसंगतीपुरता शून्य, इतकंच तिथे म्हटलं आहे. न्यायालय ही विसंगती तपासतं आणि जाहीर करतं. अमेरिकेत १८०३ साली मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी मांडणी केली तीही याच वळणाची होती. कायद्याच्या पुस्तकातली ओळ खोडणं हे विधिमंडळाचं काम. त्याने ते केलं नाही, तर ओळ जिथल्या तिथे राहते.

ओळ राहिल्याने काय होतं, ते आपल्या पालघरपासून सुरू झालेल्या प्रकरणात दिसलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याबद्दल एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या पसंत केल्या आणि दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ होतं. या अटकेने अस्वस्थ झालेल्या श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६६अ घटनाबाह्य ठरवलं. देशभर मथळे झळकले. कलम ‘पडलं’ होतं.

प्रत्यक्षात ते पोलीस ठाण्यांत जिवंत होतं. २०१५ नंतरही या कलमाखाली गुन्हे दाखल होत राहिले, माणसं कोर्टाच्या तारखांना हेलपाटे घालत राहिली. जुलै २०२१ मध्ये हे समोर आलं तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्याला धक्कादायक म्हटलं. त्या सुनावणीत महान्यायवादींनी सांगितलेली अडचण मला विसरता येत नाही. कायद्याच्या छापील पुस्तकात ६६अ पूर्ण छापलेलं असतं आणि ते न्यायालयाने अवैध ठरवल्याचं खाली तळटिपेत दिलेलं असतं. गुन्हा नोंदवणारा अधिकारी कलम पाहतो, तळटीप पाहत नाही. मी टेबलावरची माझी प्रत उघडून पाहिली. कलमाचा मजकूर ठळक, डोळ्यात भरणारा. त्याच्या डोक्यावर मुंगीएवढा आकडा आणि पानाच्या तळाशी बारीक टाइपातली एक ओळ. एवढ्या लहान ओळीवर नागरिकाचं स्वातंत्र्य टांगलेलं होतं. या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नये, असा स्पष्ट आदेश पुन्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये द्यावा लागला. ठाणे अंमलदाराला दोष देणं सोपं आहे. पण आपण सगळ्यांनीच ‘रद्द’ म्हणून विषय संपवला होता.

अमेरिकेत तर असा ‘पाडलेला’ कायदा उठून बसला. ॲरिझोनात गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी घालणारा १८६४ सालचा कायदा होता. १९७३ च्या रो विरुद्ध वेड निकालाने तो निष्प्रभ झाला, पण कुणी तो पुस्तकातून काढला नाही. जून २०२२ मध्ये रो निकाल उलटला आणि एप्रिल २०२४ मध्ये ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो जुना कायदा लागू होऊ शकतो असं म्हटलं. पुढच्याच महिन्यात राज्याच्या विधिमंडळाला तो रीतसर काढून टाकावा लागला.

आपल्या न्यायालयाने यासाठी फार पूर्वी नेमकी उपमा वापरली आहे, ग्रहणाची. १९५५ चा भिकाजी नारायण ढाकरस खटला खासगी बसवाल्यांचा होता. बस वाहतुकीची मक्तेदारी सरकारकडे घेऊ देणारा जुना प्रांतिक कायदा राज्यघटना आल्यावर व्यवसायस्वातंत्र्याशी विसंगत ठरत होता. पण १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि अशा मक्तेदारीला मुभा मिळाली. कायदा मेलेला नव्हता, त्याच्यावर सावली होती आणि दुरुस्तीने ती हटली, असं न्यायालयाने म्हटलं. हा सिद्धांत राज्यघटनेपूर्वीच्या कायद्यांसाठी सांगितला गेला, हे खरं. तरीही ग्रहण लागतं आणि सुटतं, हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक असतं. ‘स्ट्राइक डाउन’मध्ये ही सुटण्याची शक्यताच उरत नाही.

मराठीची अडचण वेगळी आहे. आपण एकाच ‘रद्द’मध्ये चार गोष्टी कोंबतो. १२ जानेवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन कृषी कायद्यांच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संसदेने ते मागे घेतले. ते घटनेत बसतात की नाही, याचा निवाडा न्यायालयाने केलाच नाही. तरी बोलताना लोक सर्रास म्हणतात, कोर्टाने कायदे रद्द केले. सप्टेंबर २०१८ मध्ये भारतीय दंड संहितेच्या ३७७ कलमाचंही तसंच झालं. संमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढांपुरतं ते गैरलागू ठरलं. संमतीविना होणाऱ्या कृत्यांसाठी ते कायम होतं आणि अत्याचार झालेल्या पुरुषाला त्याचाच आधार होता. ‘३७७ रद्द’ वाचणाऱ्याला हे कळायला वाव नव्हता.

मराठा आरक्षणाच्या वेळी याची किंमत अधिक जाणवली. ९ सप्टेंबर २०२० ला अंतरिम स्थगिती, ५ मे २०२१ ला कायदा घटनाबाह्य. दोन्ही दिवशी गावोगावी एकच वाक्य ऐकू आलं, आरक्षण रद्द झालं. पण स्थगिती असेल तर दाद न्यायालयातच मागायची आणि कायदा घटनाबाह्य ठरला असेल तर जाब विधिमंडळाला व संसदेला विचारायचा. कुणाच्या दारात जायचं, हे शब्दावर ठरतं. जिच्या मुलाचा प्रवेश अडकला आहे त्या आईला हा फरक कळलाच पाहिजे.

शब्द आपल्याकडे आहेत. ‘रद्दबातल’ घ्या. त्यातला ‘बातल’ अरबीतून फारसीमार्गे आला. त्याचा अर्थ खोटा, व्यर्थ, निष्फळ. म्हणजे घटनेतल्या ‘शून्य’च्या हा शब्द अगदी जवळ जातो. त्याला ‘ठरवणे’ जोडलं की न्यायालय नेमकं काय करतं ते पुरतं सांगून होतं, कारण ठरवण्यात घाव नसतो, निवाडा असतो. संसदेने केलं तर ‘निरसन’ किंवा सरळ ‘मागे घेतला’. तात्पुरतं असेल तर ‘स्थगिती’. काही भागापुरतं असेल तर ‘अमुक बाबतीत गैरलागू’. यातला एकही शब्द घडवायला बसावं लागत नाही, कोर्टाच्या आवारात ते रोज बोलले जातात.

हल्ली अशी बातमी हातात आली की मी निकालपत्रात आधी पाहतो, पूर्ण कलम गेलं की त्याचा तुकडा, आजपासून की पहिल्यापासून. मथळा एका ओळीत बसला नाही तर दोन ओळींत लावतो. आणि बातमीच्या शेवटी एक वाक्य घालतो, जागा कमी पडली तरी कापू देत नाही: हे कलम पुस्तकात छापलेलं दिसेल, पण त्याखाली गुन्हा नोंदवता येणार नाही.