सेवानिवृत्त म्हणजे नक्की कशातून निवृत्त?



आजचा श्लोक गीतेच्या सोळाव्या अध्यायातला सातवा. आसुरी स्वभाव उलगडून सांगायला सुरुवात करताना भगवंत म्हणतात की अशा माणसांना प्रवृत्ती आणि निवृत्ती या दोन्ही गोष्टी कळत नाहीत. म्हणजे कशात उतरायचं आणि कशातून बाजूला व्हायचं, हेच समजत नाही.

श्लोक वाचला आणि डोक्यात घरचाच विषय आला. माझे बाबा सरकारी नोकरीतून रिटायर झालेत. कागदावर शब्द आहे 'सेवानिवृत्त'. रोजच्या वापरातला शब्द, पण आपल्यासारख्यांना तो खटकायला हवा. आपण तर देवाकडे मागतो की सेवा शेवटपर्यंत घडू दे. मग सेवेतून निवृत्ती ही काय भानगड?

आधी वयाचं बघू. महाराष्ट्रात बहुतेक सरकारी कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतात, केंद्र सरकारचे ६० व्या. आता आपल्या आईबाबांच्या पिढीत १ जून ही जन्मतारीख किती जणांची आहे ते आठवा. शाळेत नाव घालताना खरी तारीख माहीत नसली की गुरुजी अंदाजाने १ जून लिहून टाकायचे. आणि नियम असा की जन्म महिन्याच्या १ तारखेचा असेल तर निवृत्ती आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. म्हणून ३१ मेला ऑफिसाऑफिसात हार, शाल, श्रीफळ. म्हणजे ज्या तारखेला आपण आयुष्याचं वळण मानतो, ती अनेकांच्या बाबतीत एका गुरुजींच्या अंदाजातून आलेली! आत्म्याचा तिच्याशी काय संबंध?

शास्त्रातली निवृत्ती तारखेवर ठरत नाही. अठराव्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकात भगवंत सरळ सांगतात की देह आहे तोवर कर्म पूर्णपणे सोडता येत नाही, ज्याने फळ सोडलं तोच त्यागी. खुर्ची सुटली तरी 'मी साहेब' हे सुटलं नाही, तर ती निवृत्ती नव्हे. आणि खुर्चीवर बसूनही 'मी' सुटला असेल, तर तो माणूस कधीच निवृत्त झालाय.

परंपरेतली विठ्ठलपंतांची गोष्ट आपल्याला माहीत आहे. पत्नीची मनापासून संमती नसताना त्यांनी काशीला संन्यास घेतला. गुरूंना हे कळलं तेव्हा त्यांनी त्यांना घरी परत पाठवलं. त्यानंतर जे पहिलं मूल झालं त्याचं नाव काय? निवृत्ती! पुढे तेच ज्ञानेश्वर माउलींचे गुरू झाले. घर सोडून जी मिळवायला गेले, ती घरी परतल्यावर पाळण्यात आली. मला यात फार मोठा अर्थ दिसतो.

आता प्रश्न आपला, मुलांचा. आपण प्रेमाने म्हणतो, "बाबा, खूप केलंत, आता आराम करा." लाइटबिल आपण फोनवरून भरतो. भाजी दहा मिनिटांत दारात येते. बाबा विचारतात, "काही आणायचंय का?" आणि आपण म्हणतो, "नको, मागवलंय." यातलं एकेक वाक्य बरोबरच आहे. पण दिवसभरातली सगळी वाक्यं एकत्र करा. त्यातून ऐकू काय जातं? की तुमची गरज नाही.

आमच्या क्षेत्रात शेवटच्या दिवशी लॅपटॉप जमा होतो आणि संध्याकाळपर्यंत सगळे ॲक्सेस बंद होतात. कंपनीने ते करायलाच हवं. पण घराने तसं करायचं नसतं.

याचं दुसरं टोकही आहे, आणि ते जास्त चलाखीने येतं. "बाबा रिकामेच आहेत ना!" मग बँक, पार्सल, गॅसवाला, नातवाची स्कूलबस, सगळं त्यांच्यावर. सुट्टी नाही, रजा नाही. आणि आपण स्वतःला सांगतो की त्यांचा वेळ छान जातो. काम देणं आणि राबवून घेणं, यात फरक कसा ओळखायचा? माझ्यापुरती मी एक कसोटी ठेवली आहे: ते 'आज नको' म्हणू शकतात का? त्यांच्या नकाराने आपलं सगळं वेळापत्रक कोसळत असेल, तर तो मान नाही, ती ड्युटी आहे.

आणि या सगळ्यात आई कुठे आहे? तिच्या निवृत्तीची तारीख कोणत्याच नियमात नाही. उलट बाबा घरी आले की तिचं काम वाढतं. दुपारचं गरम जेवण, दोन चहा जास्त. अकरा ते पाच घर तिचं एकटीचं असायचं, तेही गेलं. शाल-श्रीफळ एकाला आणि ओव्हरटाइम दुसऱ्याला!

आमच्याकडे आता सकाळचा चहा बाबांकडे आहे. पहिले काही दिवस आई मागे उभी राहून साखर किती, आलं किती ते सांगायची. शेवटी बाबा म्हणाले, "अगं, तू जा बरं बाहेर, बस जरा." बाबांना नवीन काम धरणं लवकर जमलं. आईला जुनं सोडणं जड गेलं. मला वाटतं, श्लोकातले दोन्ही शब्द त्या एका कपात आहेत. त्यांच्यासाठी प्रवृत्ती, तिच्यासाठी निवृत्ती. दोघांचीही साधनाच ती.

म्हणून मला एवढंच म्हणायचंय: नोकरी संपते, सेवा संपत नाही, पण सेवा कुठली आणि किती, हे ठरवायचा हक्क आता त्यांचा. आपण तो प्रेमापोटीही काढून घ्यायचा नाही आणि सोयीपोटीही नाही.

आजचा अभ्यास छोटासा आहे. घरी फोन कराल तेव्हा 'जेवलात का, गोळी घेतली का' याच्या पुढे जा. बाबांना एखादी अशी गोष्ट विचारा जी खरंच तुम्हाला येत नाही आणि त्यांना येते. आणि आईला विचारा, "तुला काय सोडायचंय?" उत्तर लगेच येणार नाही. तिला हा प्रश्न आजवर कोणी विचारलेलाच नसेल. थोडं थांबा आणि ऐका.

राम कृष्ण हरी!