उघडता येणारा सांधा

हेडफोन उघडला की आधी भेटतो तो गोंद. बाहेरून सगळं गुळगुळीत, एकसंध. कानावरची गादी काढावी, खालचे स्क्रू काढावेत, आणि आत कडेकडेने पिवळट, दुधी, तपकिरी थर दिसतात. आपलं काम खरं तर लहानसं असतं. आवाज हेडफोनच्या वाटीत घुमतो म्हणून आत फेल्टचा पातळ तुकडा बसवायचा असतो. किंवा सारखी तुटणारी वायर काढून तिच्या जागी सॉकेट लावायचं असतं. काम अर्ध्या तासाचं. गोंद सोडवण्यात मात्र सकाळ जाते.

अशा वेळी हाताला पहिल्यांदा सुचतो तो जोर. तो आवरावा लागतो. मधोमध बसलेला ड्रायव्हर म्हणजे एक इवलासा स्पीकर. त्याचा पडदा पॉलिएस्टरचा, केसाहून पातळ. पडद्यामागे चुंबक. लोखंडी स्क्रूड्रायव्हर जवळ नेला की चुंबक त्याला ओढतो आणि टोक पडद्यात घुसतं. त्या कानातला आवाज मग परत येत नाही. म्हणून तिथे बांबूची काडी घ्यायची, नाहीतर गिटारचं पिक. नाजूक जागी मऊ हत्यारच जास्त ताकदीचं ठरतं.

मग गोंद ओळखायचा. ही पायरी मला सगळ्यात आवडते, कारण इथे काहीच करायचं नसतं. फक्त पाहायचं. दुधी रंगाचा, नखाने दाबल्यावर रबरासारखा दबणारा असेल, तर तो ग्लू गनचा. काचेसारखा कडक आणि भोवती पांढरी साय धरलेली असेल, तर सुपर ग्लू. पिवळट-तपकिरी, ओढल्यावर तार सुटणारा असेल, तर रबराच्या जातीचा. याचं वागणं फणसाच्या चिकासारखं. पाण्याला दाद देत नाही, पण खोबरेल तेल थोडा वेळ लावून ठेवलं की हळूहळू सैल होतो.

ग्लू गनच्या गोंदाला आयपीए चालतो, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांकडे त्याची बाटली असतेच. खिडकी उघडी ठेवायची, जवळपास ज्योत नको. बारीक ब्रशने एक थेंब गोंदाच्या कडेला सोडायचा. मधोमध टाकून उपयोग नाही. थांबायचं. मग काडी कडेखाली सरकवायची. गोंद अख्खा, एका तुकड्यात उचलून येतो.

आयपीए त्या गोंदाला विरघळवत नाही. तो फक्त गोंद आणि प्लास्टिक यांच्या मधल्या फटीत शिरतो आणि पकड सोडवतो. हातात आलेला तुकडा पूर्वीइतकाच चिवट असतो. त्याच्यावर प्लास्टिकच्या प्रत्येक रेघेचा ठसा उमटलेला असतो. त्याच्यात काही बदललेलं नसतं. फक्त त्याचं धरणं संपलेलं असतं.

सुपर ग्लूचं तसं नाही. 1942 मध्ये कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हाती आलेला पदार्थ ज्याला त्याला चिकटू लागला, म्हणून त्यांनी तो बाजूला टाकला. 1958 मध्ये तोच बाजारात आला. ज्या गुणापायी तो नाकारला गेला, त्याच गुणापायी विकला गेला. त्याला अॅसिटोन सोडवतं खरं. पण हेडफोनची वाटी बहुधा एबीएस प्लास्टिकची असते, आणि अॅसिटोन तिलाही खातं. गोंद जातो आणि वाटीही जाते. काही गोष्टी काढण्याचं औषध त्या गोष्टींपेक्षा महाग पडतं. तिथे थर तसाच राहू द्यावा आणि फेल्ट त्याच्यावरून बसवावं.

राहू द्यायचा आणखीही एक गोंद असतो. ड्रायव्हरच्या कॉइलमधून निघालेल्या दोन अतिबारीक तारा पडद्यावरून कडेपर्यंत येतात, आणि तिथे त्यांना गोंदाचे छोटे ठिपके धरून असतात. गाणं चालू असताना तो पडदा सेकंदाला हजारो वेळा थरथरतो. ते ठिपके सगळं सोसतात. साफसफाईच्या भरात हात तिथवर जाऊ नये. एरवी नको वाटणारं तेच द्रव्य तिथे आवाजाला धरून असतं.

मुळातच सुटावा म्हणून लावलेला गोंदही असतो. व्हायोलिन बनवणारे पूर्वापार सरस वापरत आले. जनावरांच्या कातड्यापासून केलेला गोंद. ऊब आणि ओल मिळाली की तो सुटतो. वरची फळी बसवताना तर ते तो मुद्दाम थोडा पातळ करून लावतात. कोरड्या हवेत लाकूड आक्रसलं तर फळी तडकण्याआधी सांधा सुटावा, असा त्यामागचा विचार. 1737 मध्ये वारलेल्या अंतोनियो स्ट्राडिवारीची व्हायोलिनं आजही मैफलीत वाजतात. त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांच्या माना नंतरच्या कारागिरांनी बदललेल्या आहेत, कारण नंतरच्या संगीताला तारांवर जास्त ताण हवा होता. वाद्यं उघडता आली म्हणून बदलता आली. बदलता आली म्हणून उरली. ज्याने ती जोडली त्याच्या मनात, आपल्यानंतर हे कुणीतरी उघडणार आहे, हे होतं.

हेडफोन जोडणाऱ्याच्या मनात ते नव्हतं, असं म्हणून मी त्याला दोष देणार नाही. त्यालाही कारण होतं. ड्रायव्हरच्या कडेने हवा पुढून मागे निसटली तर खर्जाचा आवाज पडतो. ढोलक ऐकू येतं, पण त्याची घुमक हरवते. म्हणून त्याने चहूबाजूंनी गोंद फिरवला. गोंद सोडवल्यावर, सैल ड्रायव्हर नुसता ठेवून ऐकलं की हे कळतं.

म्हणजे परत बसवताना दोन्ही हवं. घट्ट बसलं पाहिजे, आणि पुढे सुटलंही पाहिजे. त्यासाठी ड्रायव्हरच्या कडेखाली मऊ फोमची पातळ पट्टी गोल फिरवावी आणि वरून स्क्रूने दाबून घ्यावी. हवा अडते, खर्ज परत येतो. स्क्रू सैल केले की पट्टी जागा सोडते.

जुने घड्याळजी झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक खुणा कोरून ठेवत. पुढच्या घड्याळजीला मागचं काम कळावं म्हणून. हेडफोनच्या वाटीतही तेवढी जागा असते. मूळची वायर कोणत्या रंगाची कुठे होती, सॉकेटला कुठली जोडली, कुठला गोंद काढला आणि कुठला मुद्दाम ठेवला, हे आतल्या बाजूला बारीक अक्षरांत लिहावं. मग स्क्रू आवळावेत.