गूढार्थ आणि वाचकाचा अधिकार

आवडत्या अद्भुत कथेंत ग्रंथकारानें कांहीं तरी दडवून ठेविलें आहे आणि तें नेमकें आपल्यालाच सांपडलें आहे, असें वाटण्यांत एक विलक्षण सुख असतें. आमच्या घरांतील मुलें हॅरी पॉटरचे सात भाग पोथीसारखे पुनःपुन्हा वाचतात तीं याच सुखासाठीं, आणि त्यांस हंसण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. २००५ सालीं निघालेल्या सहाव्या भागाच्या अखेरीस एका चिठ्ठीखालीं ‘आर्. ए. बी.’ एवढींच अक्षरें होतीं. हा गृहस्थ कोण, याविषयीं जगभर तर्क चालले. पुष्कळांनीं रेग्युलस ब्लॅकचें नांव घेतलें. डच भाषांतरांत ब्लॅक हें आडनांव बदललेलें आहे. तेथें चिठ्ठीवरील शेवटचें अक्षरही त्यास अनुसरून बदललेलें आढळलें, तेव्हां या तर्कास बळकटी आली. २००७ सालीं सातव्या भागानें तो खरा ठरविला. तो खोटाही ठरूं शकला असता, म्हणूनच आम्ही त्यास प्रामाणिक तर्क म्हणतों.

टोल्किनच्या अंगठीची गोष्ट निराळी. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ सालीं प्रसिद्ध झाल्यावर ती अंगठी म्हणजे अणुबाँबच, असें कित्येकांनीं ठरवून टाकिलें. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंत ग्रंथकारानें असा छुपा अर्थ आपल्या मनांत नव्हता असें स्पष्ट सांगितलें. वाचकानें ती कथा आपल्या अनुभवास लावून पाहावी, यास मात्र त्याची हरकत नव्हती. लावून पाहणें निराळें, आणि ‘ग्रंथकारास हेंच म्हणावयाचें होतें’ असें सांगत सुटणें निराळें. दुसऱ्याच्या तोंडीं आपले शब्द घालण्यास एरव्हीं आपण खोटी साक्ष म्हणतों. ग्रंथकाराच्या बाबतींत मात्र तीस रसिकता म्हणावयाची काय?

आमच्याकडे ही संवय जुनीच. रावणाचीं दहा तोंडें म्हणजे दहा इंद्रियें, हें कीर्तनांत कोणीं ऐकिलें नाहीं? समर्थांचें ‘आनंदवनभुवनीं’ हें प्रकरण तर स्वप्नाच्या रूपानेंच सांगितलेलें. आनंदवन हें काशीचें जुनें नांव; कित्येक वाचकांस तेथें शिवरायांचा महाराष्ट्र दिसतो. त्यांत औरंगजेबाचा उल्लेख असल्यामुळें राजकीय अर्थास आधार आहे. परंतु एकेका चरणास एकेक किल्ला जोडूं लागलें, म्हणजे स्वप्न समर्थांचें राहत नाहीं.

समर्थांचें जन्मगांव जांब, जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांतलें. परंपरा सांगते कीं, बारा वर्षांचा नारायण बोहल्यावर उभा असतां भटजींनीं ‘सावधान’ म्हटलें आणि तो मंडपांतून निघून गेला. भटजींचा आशय मुहूर्ताकडे लक्ष द्या एवढाच. ते प्रत्येक लग्नांत तोच शब्द म्हणतात. नारायणास त्यांत संसारापासून जपण्याचा इशारा ऐकूं आला. पण भटजींनीं मला पळावयास सांगितलें, असें या कथेंत तो कोठेंही म्हणत नाहीं. अर्थ त्याचा स्वतःचा होता, आणि त्यापायीं पुढें टाकळीस बारा वर्षें तपश्चर्या करण्याचें त्यानें पत्करिलें. ती किंमत त्यानें एकट्यानेंच दिली असें मात्र आमच्यानें म्हणवत नाहीं. अंतरपाटापलीकडे एक मुलगी उभी होती. तिच्याही कानांवर तोच शब्द पडला होता. तिनें त्याचा काय अर्थ घेतला असेल, हें कीर्तनांत सहसा कोणी सांगत नाहीं.