लाकडाची परवानगी

पूजास्थान कसे असावे हे राजदरबार ठरवू लागला, म्हणजे उपासकांना आपल्याच सिद्धान्ताची झडती घ्यावी लागते. १६८१ साली शोप्रोन येथे भरलेल्या हंगेरीच्या विधिसभेत सम्राट पहिला लिओपोल्ड याने ल्यूथरपंथीयांना ज्या सवलती मंजूर केल्या, त्यांत अनुग्रह कोठे संपतो आणि शासन कोठे सुरू होते हे सांगणे अवघड आहे: बहुतेक परगण्यांत दोनच नवी प्रार्थनामंदिरे, आणि रूढ झालेल्या अटींनुसार तीही लाकडाची, मनोऱ्यावाचून, एका वर्षाच्या मुदतीत उभारलेली, परंपरा तर लोखंडी खिळ्यालाही मज्जाव होता असे सांगते.

आजच्या स्लोव्हाकियात, ह्रोन नदीकाठच्या ह्रोन्सेक या खेड्यातील मंदिर १७२५-२६ मध्ये बांधले गेले ते या बंधनांखालीच. क्रुसाच्या आकाराच्या या लाकडी वास्तूत बाके व सज्जे पायरीपायरीने असे चढवले आहेत की, दूरदूरच्या गावांहून लोटणारी सुमारे अकराशे माणसे तीत बसू शकतात. घंटेला मात्र मंदिराच्या अंगावर थारा नाही. तिचे लाकडी घर शेजारी निराळे उभे आहे.

आता, ल्यूथरपंथीयांच्या १५३० च्या आउग्सबुर्गच्या धर्मनिवेदनाप्रमाणे शुभवर्तमानाचा शुद्ध उपदेश आणि संस्कारांचे यथाविधी अनुष्ठान जेथे होते, तो श्रद्धावंतांचा समुदाय म्हणजेच चर्च. त्या व्याख्येत भिंत नाही, घुमट नाही. मग सम्राटाने हिरावले ते काय? दगडाच्या सामर्थ्यावर खरा विश्वास दरबाराचाच होता, असे म्हणण्याचा मोह होतो, आणि पुष्कळ अंशी ते खरेही आहे. परंतु वास्तूविषयी हे लोक खरोखरच उदासीन असते, तर एखादे धान्याचे कोठार त्यांना पुरले असते. वासा वाशात इतक्या निगुतीने बसविण्याचे प्रयोजन काय होते? सिद्धान्ताने जे गौण ठरविले त्यावर हातांनी जीव लावला, आणि या विसंगतीत मला दांभिकपणा दिसत नाही. देहधारी माणसाची उपासना कोठेतरी बसूनच व्हायची.

१७८१ मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफच्या सहिष्णुतेच्या फर्मानाने बंधने सैल झाली. पुढे केझ्मारोक शहराच्या ल्यूथरपंथीयांनी आपल्या अशाच लाकडी मंदिराशेजारी नवे, भव्य, पक्के चर्च बांधले. ह्रोन्सेकची मंडळी, श्रद्धेने म्हणा की दारिद्र्याने, लाकडाच्याच छपराखाली राहिली, आणि उपासना तेथे आजही चालू आहे.