याकोबाची चाल

वाचन : उत्पत्ती 33:12-14, लूक 1:39-56



उचलीचे दिवस आले आहेत. दिवाळीच्या सुमारास चारठाणा आणि आसपासच्या वस्त्यांतून कुटुंबे ऊसतोडीला निघतील. त्यांत काही भगिनी गरोदर असतील. म्हणून आजचे पहिले वाचन लक्ष देऊन ऐकावे.

याकोब वीस वर्षे लाबानाकडे राबला. लाबान त्याचा मामा आणि सासरा, तरी त्याने याकोबाची मजुरी दहा वेळा बदलली. हाच याकोब पुढे स्वतः मोठ्या कळपाचा आणि माणसांचा धनी झाला. वाटेत त्याचा भाऊ एसाव चारशे माणसे घेऊन भेटला आणि बरोबर चालण्याचा आग्रह करू लागला. याकोबाने नम्रपणे नकार दिला. मुले कोवळी आहेत, कळपात पाजणाऱ्या माद्या आहेत, एक दिवस जरी त्यांना दामटले तरी कळप हातचा जाईल, असे कारण त्याने दिले. एसावाला पुढे पाठवून तो त्यांच्या पावलाने चालला.

ज्याने स्वतः धन्याचा जाच सोसला, त्याने धनी झाल्यावर असे वागावे याचे मला फार मोल वाटते. आपल्यातले काही मुकादम एके काळी स्वतः कोयता घेऊन फडात उतरलेले आहेत. त्यांनी हा अध्याय घरी पुन्हा वाचावा.

फडातला हिशेब सर्वांना ठाऊक आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल जोडीच्या नावावर घेतलेली असते. बाई बसली की कोयता अर्धा होतो आणि खाडा पडतो, म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर दंडही भरावा लागतो. मग सातव्या-आठव्या महिन्यातही ती मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरते आणि बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत पुन्हा फडात उभी राहते. 2019 साली बीड जिल्ह्यात सरकारी पाहणी झाली. सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यामागे कारणे अनेक होती, परंतु दुखणे आले तरी बसायची सोय नाही, हे त्यांतले एक होते.

गरोदर स्त्रीला विश्रांती देणे ही मालकाची मेहेरबानी नव्हे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विसावा मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्याचा मोठा भार सरकारने उचलला पाहिजे, पण तोवर तिच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्या मालकाने आपला वाटा द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. 1929 साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. देशभराचा कायदा 1961 साली आला, 2017 साली भरपगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली (दोन मुले हयात असतील तर 12 आठवडेच), आणि आता या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत. बाळंतपण किंवा गर्भपातानंतर सहा आठवडे स्त्रीला कामावर लावता येत नाही. दिवस भरत आले असता तिने मागणी केल्यास जड काम किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देता येत नाही. रजेवर असताना कामावरून काढणे बेकायदा आहे. त्याआधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम केलेले असले की रजेचा हक्क लागू होतो.

रोजंदारीवालीला हे कसले मिळणार, असे कोणी म्हणेल. दिल्ली महानगरपालिकेतही तेच म्हटले गेले होते. तिथल्या हजेरीपटावरच्या, रस्ते खणणाऱ्या बायका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि 8 मार्च 2000 रोजी न्यायालयाने त्यांनाही प्रसूती लाभाचा हक्क आहे असा निकाल दिला. ऊसतोडीत मात्र कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे. आणि मधल्या मध्ये बाईचे नाव कुठल्याच पटावर नसते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1981 साली श्रमाविषयीच्या परिपत्रकात बजावले आहे की कामाची रचनाच अशी असावी, जेणेकरून स्त्रीला आपल्या मातृत्वाची किंमत मोजावी लागू नये. ती रचना मुकादमाशी बोलणी होतात त्या ओट्यावरच ठरते.

आणि त्या ओट्यावर बहुधा नवराच बसलेला असतो. म्हणून बंधूंनो, तुमच्याशी थोडे बोलतो. पत्नीला दिवस गेले असतील तर उचल घेण्यापूर्वी महिने मोजा. शक्य असेल तर यंदा अर्ध्या कोयत्याचीच बोली करा. घरातील वडीलधाऱ्या बायांनीही "आम्ही नाही का केले?" हे वाक्य यंदा गिळून टाकावे. शुभवर्तमानात मरिया डोंगराळ मुलखात एलिझाबेथकडे गेली तेव्हा एलिझाबेथला सहावा महिना होता, आणि मरिया सुमारे तीन महिने राहिली. त्याचा हिशेब कोणतीही आई करू शकेल.

याकोबाची पुढची वाट सुखाची झाली नाही. बेथलेहेमच्या वाटेवर, मुक्काम थोडाच दूर असताना, राहेलला कळा लागल्या आणि बन्यामीनाला जन्म देऊन ती वाटेतच मरण पावली. वाटेवरचे बाळंतपण किती जोखमीचे, हे पवित्र शास्त्राला पुरते ठाऊक आहे.

ज्यांना जावेच लागणार आहे, त्यांनी माता व बाल संरक्षण कार्ड बरोबर घ्यावे आणि निघण्यापूर्वी आशाताईंना मुक्कामाचे गाव सांगून ठेवावे. तिथल्या अंगणवाडीत नाव घातल्यास आहार व लसीकरण मिळते. पहिल्या बाळंतपणासाठी मातृवंदना योजनेचे 5 हजार रुपये आहेत, दुसरी मुलगी झाल्यास 6 हजार. अर्ज भरलेला नसेल तर तो अंगणवाडीतून भरून घ्यावा. अंगठा किंवा सही करण्यापूर्वी मुकादमाकडून दोन गोष्टी साक्षीदारांसमोर लिहून घ्याव्यात : बाळंतपणाच्या दिवसांचा खाडा धरायचा नाही, आणि आठव्या महिन्यापासून डोक्यावर मोळी द्यायची नाही. लिहिता येत नसेल त्यांनी पुढच्या रविवारी मिस्सानंतर थांबावे, कागद आपण येथेच तयार करू.